सात नंबरचा पल्ला: बारा साखळ्या

गोल्फमधला माझा सात नंबरचा आयर्न, म्हणजे चेंडू मारायचा लोखंडी पात्याचा दांडा (क्लब), किती यार्ड जातो, या प्रश्नाला मी चार वर्षे ‘दीडशे’ असे उत्तर देत होतो आणि ते उत्तर चुकीचे होते. चूक कुठे होती हे कळायला मला एक हिवाळा, एका चुलतभावाचे रिकामे रान आणि चौतीस वर्षे ज्या कामावर पोट भरले ते काम, म्हणजे मोजणी, इतक्या सगळ्या गोष्टी लागल्या. गोल्फ खेळणाऱ्या पुष्कळांना आपल्या क्लबांचे पल्ले ठाऊक असल्याचे वाटते, पण ते मोजलेले नसतात. मीही त्यांच्यापैकीच होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. करवीर, पन्हाळा आणि कागल तालुक्यांतले बांध मी साखळीने, फलकाने आणि शेवटी शेवटी यंत्राने मोजले. गोल्फकडे मला आमच्या गल्लीतल्या सुभेदारसाहेबांनी वळवले. ते फौजेत असताना छावणीच्या मैदानावर हा खेळ शिकले आणि निवृत्तीनंतर तो त्यांच्याकडून सुटला नाही. माझी मुलगी पुण्यात असते. तिच्याकडे गेलो की सुभेदारांच्या ओळखीने तिथल्या एका मैदानावर आम्ही दोघे खेळतो. त्या मैदानावर एक तीन पारचे, म्हणजे तीन माऱ्यांत पुरे व्हावे असे, होल आहे. टीपासून, म्हणजे पहिला मारा मारायच्या जागेपासून, झेंडा 138 यार्डांवर, मध्ये तळे, आणि तळ्याचा पलीकडचा काठ 124 यार्डांवर. माझा हिशेब असा असे की सात नंबर दीडशे जातो, एका क्लबामागे बारा यार्ड कमी, म्हणजे आठ नंबर 138. हिशेबात चूक नव्हती, तरीही माझा चेंडू दर वेळी पाण्यात पडत असे, आणि दर वेळी मला वाटे की आजचा मारा नीट बसला नाही.

तिसऱ्या खेपेला तेच झाले तेव्हा सुभेदार म्हणाले, “मोजणीदार, दीडशे कुठनं आणला?”

मी सांगितले, “एकदा गेला होता की. तुमच्यासमोरच.”

त्यावर ते म्हणाले, “हद्दीचा दगड एकदा तिथं सापडला म्हणून तीच हद्द धरता काय तुम्ही?”

मला उत्तर सुचले नाही, कारण उत्तर नव्हतेच. सरकलेला दगड पाहून हद्द कायम केली असती तर मी नोकरीत एक वर्षही टिकलो नसतो. जुना नकाशा काढायचा, कायम खुणा शोधायच्या, दोन बाजूंनी मोजून यायचे आणि मगच खुंटी ठोकायची, ही रीत मी हजारो वेळा पाळली होती, आणि स्वतःच्या माऱ्याबाबत मात्र एका उन्हाळ्यातल्या एका चेंडूवर विसंबून राहिलो होतो. त्या दिवशी परतीच्या गाडीत, कराड यायच्या आत, मी ठरवले की हे रीतसर मोजायचे.

चुलतभावाचे माळाचे रान कोल्हापूर शहरापासून पंधरा किलोमीटरवर आहे. तिथून जोतिबाचा डोंगर स्वच्छ दिसतो. ऑक्टोबरात भुईमूग निघाला की पुढे जूनपर्यंत ते रान मोकळे असते. लांबी 24 साखळ्या, रुंदी 7 साखळ्या, म्हणजे 168 गुंठे, चार एकर आठ गुंठे. आमची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे, आणि 33 फुटांच्या चौरसाला एक गुंठा, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण 33 फूट म्हणजे बरोबर 11 यार्ड होतात, हे गोल्फच्या निमित्ताने माझ्या पहिल्यांदा ध्यानात आले. गोल्फमध्ये एका क्लबातून दुसऱ्या क्लबात साधारण दहा ते पंधरा यार्डांचा फरक असतो. म्हणजे माझ्यासारख्या मध्यम ताकदीच्या खेळाडूला क्लबामागे एक साखळी, असे ढोबळ माप धरून चालता येते. रानाची लांबी यार्डांत 264 होती आणि माझ्या ड्रायव्हरलाही, म्हणजे सर्वांत लांब जाणाऱ्या क्लबालाही, ती पुरणार होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी रानाच्या मधोमध आधाररेषा आखली, दर साखळीला बांबूची काठी रोवली आणि काठीला जुन्या धोतराच्या चिंध्या बांधल्या. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या काठीला तांबड्या, बाकीच्यांना पांढऱ्या. मोजायला माझ्याकडे लोखंडी साखळी नव्हती, म्हणून नायलॉनची दोरी 33 फुटांवर गाठ मारून वापरली, आणि इथेच पहिली चूक झाली. सकाळच्या दवात भिजलेली ती दोरी ताणली की लांबत होती. चोवीस काठ्या रोवून झाल्यावर शेवटची काठी बांधाच्या पलीकडे जायला लागली तेव्हा मला संशय आला. पोलादी टेप लावून पाहिला तर दोरीची एक साखळी 33 फूट 4 इंचांची भरत होती. चार इंच म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण बाराव्या काठीपाशी ते चार फूट होतात, आणि साखळी लांब झाली की मोजमाप कमी येते, हा मोजणी खात्यातला अगदी पहिला धडा आहे. मी सगळ्या काठ्या उपटल्या आणि टेपने पुन्हा रोवल्या. त्यात अख्खी सकाळ गेली, पण जिथे फूटपट्टीच चुकीची आहे तिथे पुढचे सगळे आकडे फुकट जातात.

रान डोळ्यांना सपाट दिसत होते, पण पाणी ओढ्याकडे वाहत होते, म्हणजे उतार होताच. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून पाहिल्यावर वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत 12 फुटांचा फरक निघाला. सात नंबरचा चेंडू बऱ्यापैकी उभा उतरतो, त्यामुळे बारा साखळ्यांत सहा फुटांची घसरण मिळाली तर तो सुमारे दोन यार्ड पुढे पडतो आणि चढावर मारला तर तेवढाच अलीकडे. यावरचा उपाय मोजणीतलाच आहे: दोन्ही बाजूंनी मोजायचे. प्रत्येक क्लबाचे बारा चेंडू धरायचे, सहा वरच्या बांधावरून आणि सहा खालच्या बांधावरून. त्यामुळे उताराचा परिणाम कटतो आणि थोडाफार वारा असलाच तर त्याचाही कटतो. तरीही वेळ सकाळी साडेसहा ते आठ हीच ठेवली, कारण हिवाळ्यात आमच्याकडे त्या वेळी उसाचे पानही हलत नाही.

चेंडू कशावरून मारायचा, हा प्रश्न मला वाटला होता त्याहून महत्त्वाचा निघाला. सरावाच्या ठिकाणी चटई असते. तिच्यावर क्लब चेंडूच्या अलीकडे टेकला तरी पुढे घसरतो आणि चेंडू जवळजवळ पूर्ण पल्ला जातो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो आणि चेंडू वीस यार्ड अलीकडे पडतो. आमच्या दोन्ही बांधांवर हरळी माजली होती. शेतकरी ज्या हरळीला खोदून खोदून दमतो, तीच उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर मुद्दाम लावतात. चुलतभावाला मी विळ्याने ती बोटभर उंचीवर कापून द्यायला सांगितले, तेव्हा त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मला मात्र मैदानासारखी जागा घरच्या बांधावर मिळाली. पुढचे रान त्याने कुळवून ठेवले होते. त्या भुसभुशीत तांबूस मातीत चेंडू जिथे टेकेल तिथेच वाटीएवढा खळगा पाडून थांबत होता, आणि मला नेमके तेच हवे होते. चेंडू हवेतून किती गेला हे एक माप आहे आणि टप्पा खाऊन घरंगळत किती गेला हे दुसरे. पाणी, वाळूचा खड्डा किंवा झाड ओलांडायचे असेल तेव्हा पहिलेच माप कामाचे. एप्रिलमधल्या कडक जमिनीवर चेंडू चाळीस यार्ड पळतो आणि जुलैत जागेवर रुततो. ते जमिनीचे कर्तृत्व झाले, क्लबाचे नव्हे.

पहिल्या दिवशी मी घाई केली. पटर, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायचा क्लब, सोडून माझ्या पिशवीत दहा क्लब होते. दहाही एकाच सकाळी उरकायचे म्हणून सँड वेज या सर्वांत कमी पल्ल्याच्या क्लबापासून सुरुवात करून ड्रायव्हरपर्यंत आलो. शंभरावर चेंडू मारले. शेवटी ड्रायव्हरचा पल्ला तीन नंबरच्या वुडपेक्षा, म्हणजे ड्रायव्हरखालोखाल लांब जाणाऱ्या क्लबापेक्षा, कमी भरला. क्लबात दोष नव्हता, माझे खांदे उतरले होते. त्या दिवसाचे सगळे आकडे मी फील्ड बुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, आडवी रेघ मारून रद्द केले. त्यानंतर नियम केला की एका सकाळी जास्तीत जास्त तीन क्लब, तेही उलटसुलट क्रमाने, आणि आधी दहा चेंडू न मोजता मारायचे. जानेवारी संपेपर्यंत दहा क्लबांची मोजणी झाली.

सात नंबरची सकाळ मला पूर्ण आठवते. पुतण्या काठी आणि चुन्याची पिशवी घेऊन बाराव्या काठीच्या बाजूला, आधाररेषेपासून चांगला चाळीस पावले हटून उभा होता. त्याने हात वर केल्याशिवाय मी क्लब उचलायचा नाही, हा आमचा ठराव होता, आणि धनगराची मेंढरे खालच्या वाटेने जाईपर्यंत आम्ही पंधरा मिनिटे थांबूनही राहिलो. चेंडू पडला की तो खळग्यावर चुन्याची चिमूट टाकायचा आणि जवळच्या काठीपासून टेप लावून ओरडून सांगायचा. “तात्या, बाराच्या पुढं दोन!” म्हणजे बाराव्या काठीच्या पुढे दोन यार्ड. चेंडू रेषेच्या कोणत्या हाताला किती पडला, तो लंबही मी लिहून घेत होतो. बारा चेंडूंचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले तेव्हा ओळ अशी झाली: 118, 121, 126, 129, 130, 132, 133, 134, 136, 138, 141, 149.

दीडशे त्या ओळीत नव्हताच. त्याच्या सर्वांत जवळचा आकडा 149, आणि तो बारांत एकदा.

या ओळीतून एक आकडा कसा काढायचा, यावर मी बराच विचार केला. सगळ्यांची सरासरी 132.25 येते, आणि मधल्या दोन आकड्यांमधला बिंदू, शाळेत ज्याला मध्यक म्हणतात तो, 132.5. इथे दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत. पण ड्रायव्हरच्या ओळीत दोन चेंडू फारच वाईट गेले होते आणि त्यांनी सरासरी आठ यार्ड खाली ओढली होती, मध्यक मात्र जागचा हलला नव्हता. म्हणून मी सगळीकडे मध्यक धरला. जो चेंडू हवेत उठलाच नाही, जमिनीवरून सरपटत गेला, तेवढाच मी वगळला आणि त्याऐवजी दुसरा मारला. कमी गेलेला पण नीट उडालेला चेंडू वगळायचा मोह होतो. तो मोह आवरला नाही तर वहीत पुन्हा दीडशेच येणार. सात नंबरचा पल्ला 132 यार्ड, म्हणजे बरोबर 12 साखळ्या, हे मी फील्ड बुकात लिहिले आणि खाली तारीख घातली. वरून मारलेल्या सहांचा मध्यक आणि खालून मारलेल्या सहांचा मध्यक यांत चार यार्डांचा फरक पडला, तेव्हा पाण्याच्या नळीवर घालवलेला वेळ सत्कारणी लागला असे वाटले.

बाकीच्या क्लबांचे आकडे असे आले: सँड वेज 72, पिचिंग वेज 98, नऊ नंबर 109, आठ नंबर 121, सहा नंबर 142, पाच नंबर 149, चार नंबर 151, तीन नंबरचा वुड 168 आणि ड्रायव्हर 185. पिचिंग वेजपासून सहा नंबरपर्यंत साखळी-साखळीच्या अंतराने क्लब ओळीत उभे आहेत. घोटाळा दोन्ही टोकांना आहे. पाच आणि चार यांच्यात फक्त दोन यार्ड. चार नंबरच्या पात्याचा कोन 24 अंशांचा, पाचचा 27 अंशांचा, म्हणजे कागदोपत्री चार नंबर पुढे जायला हवा. पण इतक्या कमी कोनाच्या क्लबाने चेंडू उचलायला हाताला जो वेग लागतो तो माझ्याकडे आता नाही. चेंडू खालूनच जातो आणि लवकर उतरतो. चार वर्षे मी हा क्लब पिशवीत वाहत होतो आणि तो पाच नंबरचेच काम करत होता. दुसऱ्या टोकाला पिचिंग वेज 46 अंशांची आणि सँड वेज 56 अंशांची. इतर आयर्नांत तीन-चार अंशांचे अंतर आणि इथे एकदम दहा. म्हणून 72 ते 98 यार्डांच्या मध्ये माझ्याकडे क्लबच नव्हता. झेंडा 85 यार्डांवर असला की मी पिचिंग वेज हळू मारण्याचा प्रयत्न करत असे आणि बहुतेक वेळा बिघडवत असे. मोजणीनंतर चार नंबर काढून ठेवला आणि 51 अंशांची एक वापरलेली वेज घेतली. तिचा मध्यक 86 आला. नियमाप्रमाणे चौदा क्लब ठेवता येतात, पण संख्येपेक्षा दोन क्लबांमधले अंतर भरून निघणे मला जास्त मोलाचे वाटते.

चेंडूंबद्दलही सांगायला हवे. सुरुवातीला माझ्याकडे तळ्यातून काढलेले, वेगवेगळ्या बनावटीचे, जुने चेंडू होते. नियमात चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नसावा अशी मर्यादा आहे. आतले रबर आणि वरचे कवच मात्र निरनिराळे असते, आणि दीर्घकाळ पाण्यात राहिलेला चेंडू मंदावतो. मी एकाच जातीचे नवे डझनभर चेंडू घेतले आणि मोजणीला तेवढेच वापरले. दोन चेंडू शेजारच्या उसात गेले ते परत मिळाले नाहीत.

हवेचा परिणाम पाहावा म्हणून एप्रिलच्या अखेरीस, वळीव यायच्या आधी, दुपारी चार वाजता सात नंबर पुन्हा त्याच रीतीने मोजला. मध्यक 137 आला. गरम हवा विरळ असते, तिच्यात चेंडूला अडथळा कमी होतो. पण त्या पाच यार्डांत उन्हाने मोकळ्या झालेल्या खांद्यांचाही वाटा आहे, म्हणून मी ते सगळे हवेच्या नावावर लिहिले नाहीत. तेव्हाच जुन्या दीडशेचा उलगडाही झाला. तो मारा एप्रिलच्या दुपारी, उतारावर, मागून वारा असताना, कडक जमिनीवर मारलेला होता, आणि मी तो चेंडू थांबला तिथपर्यंत पावलांनी मोजला होता. उंचीचाही हिशेब असतो. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना पल्ला एक टक्क्याहून थोडा जास्त वाढतो, असे गोल्फमध्ये धरतात. कोल्हापूर सुमारे 550 मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांवर आहे, आणि पुणेही जवळपास त्याच उंचीवर. त्यामुळे माळावरचे आकडे मला पुण्यात जसेच्या तसे वापरता येतात. घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात खेळायचे झाले तर सात नंबरमधून दोन-तीन यार्ड वजा करायला हवेत.

अंतर मोजणारी लेझरची दुर्बीण सुभेदारांकडे आहे, आणि 2019 च्या नियमांपासून खेळताना असे साधन वापरायला सर्वसाधारण मुभा आहे, फक्त चढउताराचा हिशेब करून देणारी सोय बंद ठेवावी लागते. मी ती माझ्या काठ्यांवर लावून पाहिली. विसाव्या काठीपर्यंत कुठेही एका यार्डाहून अधिक फरक आला नाही, आणि मला दोघांचाही भरवसा आला. दुर्बीण झेंडा किती लांब आहे ते सांगते, पण माझा क्लब किती जातो हे तिला माहीत नसते. जॅक निक्लॉस या अमेरिकन गोल्फपटूने 1961 साली पेबल बीचवरच्या अमेरिकन हौशी स्पर्धेत, डीन बीमन या दुसऱ्या गोल्फपटूच्या सल्ल्यावरून, मैदानावरची अंतरे पावलांनी मोजून लिहून ठेवायला सुरुवात केली आणि ती स्पर्धा जिंकली, हे मला सुभेदारांनी सांगितले तेव्हा आपल्या धंद्याचा माणूस भेटल्यासारखे वाटले. पण त्या वहीचा उपयोग त्याला झाला तो स्वतःचे पल्ले ठाऊक होते म्हणूनच.

मे महिन्यात पुण्यास गेलो. तळ्याच्या होलपाशी मी फील्ड बुक काढले. काठ 124 वर, झेंडा 138 वर. आठ नंबरचा मध्यक 121, म्हणजे तो चांगला बसला तरी पाण्यातच. सात नंबरच्या ओळीतले 118 आणि 121 पाण्यात, 126 कसाबसा काठावर. बारांत दोन चेंडू बुडवणारा क्लब तिथे घेण्यात अर्थ नव्हता. सहा नंबरच्या ओळीतला सर्वांत लहान आकडा 127 होता. सात नंबरचे बारांपैकी नऊ चेंडू रेषेच्या उजवीकडे पडले होते आणि सहा नंबरचे आठ, म्हणून झेंड्याच्या चार पावले डावीकडे रोख धरला. सुभेदारांनी माझ्या हातातला क्लब पाहिला, पण काही बोलले नाहीत. चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, मधोमध टेकला, झेंड्यापासून सहा पावलांवर.

“काय घेतला?” त्यांनी विचारले.

“सहा.”

“लिहून घ्या,” ते म्हणाले, आणि मी लिहून घेतले.

आता त्या रानात पुन्हा भुईमूग आहे. वेजांचे अर्धे आणि पाऊण मारे मोजायचे राहिले आहेत. साठ यार्डांच्या आत माझे आकडे अजून अंदाजाचेच आहेत. ऑक्टोबरात रान मोकळे झाले की पहिल्या आठ साखळ्यांत अर्ध्या-अर्ध्या साखळीवर काठ्या रोवायच्या, असे चुलतभावाला सांगून ठेवले आहे. बांधावरची हरळी या खेपेला त्याने न विचारताच राखली आहे.